गाडी कुणाच्या हाती द्यावी?



तुमच्या दारात ट्रॅक्टर असेल, मोटारसायकल असेल, नाहीतर भाजीपाला बाजाराला नेण्यासाठी घेतलेला छोटा टेम्पो असेल. एक प्रश्न दर चार-सहा महिन्यांनी तुमच्यापुढे येतोच. गाडी दुरुस्तीला कुठे न्यायची? कंपनीच्या शोरूमला, शहरात निघालेल्या त्या चकचकीत साखळी गॅरेजला, गावातल्या मिस्त्रीकडे, की पाने-पक्कड घेऊन आपणच अंगणात बसायचे?

पारावर हा विषय निघाला की तिथे जितकी माणसे तितकी मते. एकजण म्हणतो, “शोरूमवाले कापतात.” दुसरा म्हणतो, “मिस्त्रीला नव्या गाडीतलं काय कळतंय?” तिसरा मिशीला पीळ देत म्हणतो, “आपला हात जगन्नाथ!” गंमत अशी की तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य असते, आणि म्हणूनच ऐकणारा जास्त गोंधळतो.

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या होटगीचा. आमचे गाव रेल्वेचे जंक्शन. सोलापूरहून आलेला मार्ग इथे फुटतो. एक फाटा वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूरकडे. सोलापूर शहर जेमतेम पंधरा किलोमीटरवर. सिमेंटच्या मोठमोठ्या गाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या यांनी रस्ता नेहमी गजबजलेला. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर आणि धूळ तर बाराही महिने. जमीन काळी, भारी. आमचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी. अशा मुलखात वाहन ही हौस नसते, ते घरातले कमावते माणूस असते. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही घरी बसून, सगळ्यांनी मिळून केला. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो. पटले तर घ्या.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या वाडवडिलांपुढे हा प्रश्न नव्हता का? होता, पण त्यांनी तो केव्हाच सोडवला होता. बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. लांबच्या गावाला निघण्याआधी गाडीवान स्वतः चाक काढी, आखाला वंगण लावी, कुणी नीट बसली आहे ना ते पाही. ते काम त्याने कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. आरा खिळखिळा झाला तर गाडी सुताराकडे जाई. धाव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हा बसवी. म्हणजे रोजची निगा घरची, झिजेचे काम गावातल्या कारागिराचे, आणि भट्टीचे काम भट्टी ज्याची त्याचे. कोणते काम कुणाचे, याची वाटणी पक्की होती. लोहाराकडे कुणी वंगण लावून घ्यायला जात नसे, आणि घरच्या चुलीवर कुणी धाव तापवत नसे.

आज आपली पंचाईत कुठे होते? ही वाटणी आपण विसरलो. काहीजण साधी हवा तपासायलाही शोरूम गाठतात, तर काहीजण इंजिनाचा पंप अंगणात उघडून बसतात. दोघांचेही नुकसान ठरलेले. तेव्हा शोरूम चांगले की मिस्त्री चांगला, हा वाद बाजूला ठेवू. हातातले काम कोणते, हे आधी विचारू.

पहिली वाटणी घरच्या कामांची. सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी दहा मिनिटे द्या. इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी काढून पुसून पाहावी. रेडिएटरचे पाणी पाहावे; मात्र इंजिन गरम असताना झाकण मुळीच उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. फॅनबेल्टचा ताण, टायरची हवा, चाकांचे नटबोल्ट आणि ग्रीसचे निपल एका फेरीत पाहून होतात. बॅटरीत पाणी घालण्याची सोय असेल तर आपल्या उन्हाळ्यात ते लवकर उडते, हे ध्यानात ठेवून डिस्टिल्ड वॉटर घालावे; विहिरीचे नको.

आमच्यासारख्या धुळीच्या भागात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवेतून इंजिनात जाणारी माती. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. पेरणी-नांगरटीच्या दिवसांत ती वाटी रोज उघडून पाहावी. तेल चिखलासारखे घट्ट झाले असेल तर वाटी धुऊन नवे तेल खुणेपर्यंत भरावे. नव्या गाड्यांना कागदी फिल्टर असतो. तो पाण्याने धुवायचा नसतो आणि दगडावर आपटायचाही नसतो. आतून बाहेर हलकी हवा मारावी आणि पुस्तकात दिलेल्या वेळी बदलावा. ज्या इंजिनाने धूळ खाल्ली ते लवकरच तेलही खाऊ लागते, आणि मग त्याचे पोट भरता भरत नाही.

मोटारसायकलचेही तसेच. चेन फार ताणलेली नको, फार लोंबतीही नको. दोन्ही ब्रेक रोज दाबून पाहावेत. धुताना जोराचा फवारा वायरिंगवर मारू नये. एप्रिल २०२० पासून नव्या मानकाच्या गाड्या आल्या. पूर्वीचा कार्बोरेटर जाऊन त्यांतल्या बहुतेकांत पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. तेव्हा जुन्या गाडीचा स्क्रू फिरवून जसे ॲव्हरेज काढत होतो तसा खेळ नव्या गाडीशी करायला जाऊ नये.

दुसरी वाटणी गावातल्या मिस्त्रीची. ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, बेअरिंग, सेल्फ, पंक्चर, वेल्डिंग ही झिजेची कामे. आमचा मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून आधी इंजिनाचा आवाज ऐकतो. त्याचा मोठा गुण सांगू का? एकदा आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपात बिघाड झाला तेव्हा तो सरळ म्हणाला, “आप्पा, हे माझं काम न्हाई. पंपाला टेस्ट बेंच लागतंय. मी उघडलो तर तुमचं नुकसान हुतंय.” हाती आलेले गिऱ्हाईक त्याने सोडले, पण त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा विश्वास दुप्पट झाला. मिस्त्री निवडताना त्याला काय काय येते एवढेच विचारू नका. काय येत नाही, हे तो मोकळेपणाने सांगतो का, तेही पाहा.

तिसरी वाटणी कंपनीच्या अधिकृत केंद्राची. गाडी नवी आहे, हमीची मुदत चालू आहे, तोवर ठरलेल्या सर्व्हिसिंग वेळच्या वेळी तिथेच कराव्यात. बहुतेक ट्रॅक्टरांची पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास असते. ती चुकली तर पुढे मोठा बिघाड झाल्यावर हमी नाकारायला कंपनीला कारण मिळते. सेन्सर, इलेक्ट्रॉनिक डबा, नव्या तऱ्हेची इंधन-फवारणी ही कामेही तिथलीच. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांत जास्त दाबाची संगणकी फवारणी आली. तिथल्या नळ्यांत डिझेलचा दाब इतका असतो की सैल नळीतून निघालेली बारीक धार कातडीतून आत शिरते. अशा नळ्यांना घरी हात लावू नये, आणि ज्याच्याकडे योग्य साधने नाहीत त्या मिस्त्रीलाही लावू देऊ नये.

राहिली साखळी गॅरेजे. एकाच नावाची, बऱ्याच शहरांत दुकाने असलेली. तिथे दराचा फलक असतो, बिल संगणकाचे असते, बसायला खुर्ची आणि प्यायला थंड पाणी मिळते. हमी संपलेली मोटार किंवा मोटारसायकल असेल तर जरूर चौकशी करावी. मात्र ‘पॅकेज’ म्हणून जे देतात त्यात आपल्या गाडीला नको असलेली कामेही असू शकतात. यादी मागून घ्यावी, नको ते खोडायला सांगावे. ट्रॅक्टरसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि मुख्य म्हणजे रानात बंद पडलेल्या गाडीकडे ते धावून येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, वाटणी तर कळली, पण कामे केली की नाही हे कसे ओळखायचे? त्यासाठी आमच्या घरची एक हकीकत सांगतो.

आमची मंडळी दुधाची वही ठेवतात. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, पैसे, सगळे त्यात असते. एकदा त्या म्हणाल्या, “अहो, म्हशीच्या अर्ध्या लिटरचा हिशेब आपण लिहितो, आणि एवढ्या कर्जाच्या ट्रॅक्टरचा काहीच लिहीत नाही, हे कसं?” त्याच दिवशी ट्रॅक्टरची वही सुरू झाली. तारीख, तासमीटरचा आकडा, काय केले, कुणी केले, किती पैसे. आमची मुलगी त्या वेळी बारावीला होती. तिने त्यात भर घातली. नवा फिल्टर बसला की त्याच्या डब्यावर पक्क्या शाईने तारीख लिहायची.

पुढे एका वर्षी ट्रॅक्टर ज्या केंद्रात सर्व्हिसला दिला होता, त्याचे नाव इथे घेत नाही. तिथून बिल आले. त्यात इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, सारे बदलल्याची नोंद होती. बिल वहीत चिकटवले. नंतर भाद्रपदात चांगला पाऊस झाला. चार-पाच दिवसांनी वाफसा आला. ज्वारीच्या पेरणीचा वाफसा म्हणजे काय, हे काळ्या रानाच्या माणसाला सांगायला नको. आधी उतरलात तर चिखल, उशीर केलात तर वरचा थर सुकून भेगा पडू लागतात. मधले तीन-चार दिवस आपले. ते साधले तर दाणा आणि कडबा, हुकले तर जनावरांच्या तोंडाकडे बघवत नाही.

पेरणी यंत्र जोडले. दोन एकर होत नाही तोच ट्रॅक्टर जोर धरीना. रिकामा चालायचा, ओझे आले की गुदमरायचा, शेवटी बंदच पडला. केंद्राला फोन केला तर उत्तर आले, “सगळीकडे पेरणी चालू आहे, तिसऱ्या दिवशी माणूस पाठवतो.” त्यांचेही खरे असेल, सगळ्या तालुक्याला एकाच आठवड्यात वाफसा येतो. पण आमच्याकडे तीन दिवस नव्हते.

मुलगी कंपनीचे पुस्तक आणि वही घेऊन बांधावर आली. पुस्तकात लिहिले होते, ओझ्यावर जोर जात असेल तर आधी डिझेल फिल्टर पाहा. फिल्टरचा डबा पुसला तर त्यावर तिच्याच हातची जुनी तारीख! म्हणजे बिलात नवा झालेला फिल्टर प्रत्यक्षात जुनाच होता. आत काळा गाळ आणि पाणी.

घरातल्या पेटीत एक जादा फिल्टर ठेवायची आमची पद्धत. तो बसवला. आमचा ट्रॅक्टर जुन्या पद्धतीच्या पंपाचा, त्यामुळे हवा काढणे घरी जमण्याजोगे. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंपाची दांडी खाली-वर करायची; आधी बुडबुड्यांचे डिझेल येते. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू घट्ट करायचा, मग तसेच पंपावरच्या स्क्रूचे. मुलगी पुस्तकातले वाचत होती, मी पाना फिरवत होतो, आणि मंडळी सांडलेले डिझेल फडक्याने पुसत होत्या. तासाभरात इंजिन सुरू झाले. दिवे लावून त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पेरणी पुरी केली.

पेरणी झाल्यावर जुना फिल्टर, बिल आणि वही पिशवीत घालून मी त्या केंद्रात गेलो. आवाज चढवला नाही. तिन्ही वस्तू टेबलावर मांडल्या. साहेबांनी आधी “आमच्याकडून असं होत नाही” म्हटले, मग डब्यावरची तारीख पाहिली, बिलावरची पाहिली आणि गप्प झाले. पैसे परत मिळाले, वर एक नवा फिल्टरही मिळाला. नुसत्या तोंडाच्या भांडणाने हे झाले असते असे मला वाटत नाही.

म्हणून माझे सांगणे असे. गाडी कुणाच्याही हाती द्या, तिचा हिशेब आपल्या हाती ठेवा. काम सुरू करण्याआधी अंदाजे खर्च कागदावर मागा. बदललेले जुने भाग परत मागून घ्या. मागणाऱ्याच्या गाडीत भाग खरोखरच बदलला जातो. पक्के बिल घ्या, मग ते शोरूमचे असो की मिस्त्रीचे. आमचा मिस्त्री बिलबुक ठेवत नाही, पण आमच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून सही करतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट मान वाटतो.

हा प्रश्न नुसता तुमचा-माझा नाही, बरं का. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू देत नाहीत, असे आयोगाला आढळले होते. कंपन्यांनी पुढे अपिले केली, पण बाहेरच्या कारागिरालाही भाग आणि माहिती मिळाली पाहिजे हे तत्त्व त्या निमित्ताने देशापुढे आले. तो निकाल मोटारींचा होता, ट्रॅक्टरचा नव्हे. मात्र जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली, तेव्हा ज्या वस्तूंचा विचार करायचा त्यांत शेतीची अवजारे आणि यंत्रे पहिल्या रांगेत होती. त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी सरकारी पोर्टलही सुरू झाले.

तिकडे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार. त्यांचे ट्रॅक्टर आपल्यापेक्षा कितीतरी मोठे आणि संगणकाने भरलेले. बिघाड कळायला कंपनीचाच संगणक लागतो, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक रानात उभे. शेवटी तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. शेतीयंत्रे बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची पुस्तके, भाग आणि साधने शेतकऱ्याला व स्वतंत्र कारागिरालाही पुरवली पाहिजेत, असे तो सांगतो. म्हणजे वाफसा तिकडेही कुणासाठी थांबत नाही!

आपल्याकडे फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो, कागद कुठे आहे?

घरी काम करणाऱ्यांसाठी चार सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण गाडीपेक्षा माणूस मोठा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. इंजिन चालू असताना पीटीओच्या शाफ्टजवळ धोतर, पदर, उपरण्याचे टोक जाऊ देऊ नये. अवजार वर उचललेले ठेवून त्याखाली हात घालू नये, आधी जमिनीवर टेकवावे. रस्त्याला लागण्याआधी ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडावेत. रानात ते सुटे ठेवतो ते वळण्यासाठी. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसह एकच चाक धरले गेले तर ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. आणि ब्रेकचे काम स्वतःला पुरते येत नसेल तर तिथे पैसे वाचवू नयेत. त्या सीटवर उद्या आपला मुलगा बसणार असतो.

काढलेले जुने ऑईल ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. ते डब्यात साठवून, जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. तेच पाणी आपण आणि आपली जनावरे पितो.

येत्या बाजाराच्या दिवशी एवढे करा. एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, हमी कधी संपते ती तारीख लिहा. दुसऱ्या पानावर तीन वाटण्या करा. आपली कामे, मिस्त्रीची कामे, कंपनीची कामे. एका पत्र्याच्या पेटीत जादा डिझेल फिल्टर, फॅनबेल्ट, फ्यूज, मोटारसायकलचा प्लग आणि क्लचची केबल ठेवा. कंपनीचे पुस्तक कपाटाच्या तळातून काढून त्या पेटीत घाला. मराठीतले मिळत असेल तर मागून घ्या. आणि वही लिहायचे काम घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला द्या. हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर ही वही आणि पेटी बांधावर सोबत असू द्या.